काठोकाठ

मुलगा गेल्यावर पाक त्रिमान रडले नाहीत. बायु तापाने अकरा दिवस आजारी होता आणि बाराव्या दिवशी गेला. मग सात संध्याकाळी घरात पठण झालं, आम्ही शेजारणींनी चहा आणि उकडलेले शेंगदाणे फिरवले. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी गॅरेज उघडलं आणि कुणाचं तरी टायर काढायला घेतलं. हात नेहमीसारखेच चालत होते. बोलणं तेवढं आटलं होतं. काही विचारलं तर उत्तर मिळायचं, पण ते दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं.

घरात आता दोघंच, ते आणि सून विगाती. आमची करांगसारी ही सुम्बिंग डोंगरावरची शेवटची वाडी, आमच्या वर फक्त कोबी आणि धुकं. माल विकायचा तर दगडधोंड्यांच्या वाटेने चार किलोमीटर खाली उतरून व्यापाऱ्याच्या काट्यावर न्यावा लागतो. ते काम बायु करायचा. त्याची पेट्रोलची दुचाकी विगातीने दोनदा चालवून पाहिली, आणि दोन्ही वेळा क्लच सोडताना ती चढावर बंद पडून मागे घसरली. तिच्या मोठ्या बहिणीने सेमारांगला शिवणकामाच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत कळव म्हणाली होती.

विगाती हे सासऱ्यांपासून लपवणारी नव्हती. भाजी चिरता चिरता तिने सांगून टाकलं, "बापाक, माझा माल मला खाली नेता आला तर मी इथेच राहीन. दर वेळी कुणाच्या दारात उभं राहावं लागणार असेल तर जाते."

पाक त्रिमान म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी बायुच्या गाडीचं इंजिन उतरवून बाजूला ठेवलं.

क्लच नाही, गिअर नाही, मूठ पिळली की पुढे जाईल अशी विजेची गाडी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मोटार मिळाली, चाकं बदलली, पुढचा दांडा जाड केला. अडलं ते बॅटरीपाशी. त्यासाठी ते खाली मागेलांग शहरात मास लुक्मानकडे गेले. लुक्मान जुन्या-नव्या बॅटऱ्या जोडून विकतो. मला त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याच गाडीवर मागे बसून गेले, आणि बधिर तोंड घेऊन लुक्मानच्या दुकानात बसले.

लुक्मानने तीन प्रकार मांडले. शिशाची स्वस्त, पण दोन माणसांनी उचलावी इतकी जड. दुसरी भंगारातल्या स्कूटरांच्या सेलांची, पिशवीत घालून नेता येईल इतकी हलकी, आणि जोर भरपूर. तिसरी लोह-फॉस्फेटची, पंचवीस किलोची, चौकोनी पेट्यांची.

"हलकी हवी की शहाणी हवी, ते ठरवा पाक," लुक्मान म्हणाला. "दोन्ही गुण एकत्र मागायचे असतील तर आधी माझ्या बायकोला विचारा, तिलाही ते एका नवऱ्यात मिळाले नाहीत."

पाक त्रिमान हसले नाहीत. त्यांनी भंगाराच्या सेलांची ती हलकी बॅटरी हातात घेऊन तोलली, खाली ठेवली आणि विचारलं, "पडली, दगडावर आपटली, फुटली, तर पेटेल का?"

"ही? पेटू शकते."

"आणि ही?" त्यांनी लोह-फॉस्फेटच्या पेटीवर हात ठेवला.

"ही धुमसेल फार तर. पण जड आहे हं. वजन खालच्या बाजूला बसवा. आणि रोज पूर्ण भरा, काठोकाठ. पूर्ण भरली की आतले सेल एका पातळीत येतात, वर्षानुवर्षं टिकतात."

तेवढंच. त्यांनी लोह-फॉस्फेटची बॅटरी घेतली. विगाती पडणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पडल्यावर काय होणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

गाडीत एक सोय होती. उतारावर मूठ सोडली की मोटार उलटं काम करायची, चाकाच्या फिरण्यातून वीज काढून बॅटरीत टाकायची, आणि त्या ओढीने चाक आपोआप अडायचं. भरल्या गाडीला आमच्या उतारावर नुसत्या ब्रेकांवर आणणं म्हणजे ब्रेक तापून लाल होणार. म्हणून त्यांनी मोटारीची ही ओढ हवी तेवढी जुळवायला चार दिवस घालवले. गाडीला पोती बांधून विगातीला अर्ध्या वाटेपर्यंत नेऊन आणलं. ती तर खूश होती. "हिला काही सांगावंच लागत नाही, आपणहून सांभाळून उतरते," म्हणाली. टपरीवरचे पुरुष म्हणत, आवाजच नाही, कोबी भुताच्या पाठीवर बसून चालला की काय. ती म्हणाली, भूत तुमच्यापेक्षा वेळेवर येतं.

आता आमच्या घरांतली वीज नऊशे वॅटची. चार्जर लावला आणि कुणी भाताचा विजेचा कुकर सुरू केला की मीटरचं बटण पडतं, घरात अंधार. त्यामुळे बॅटरी कधीच दोन-अडीच तासांच्या वर लागायची नाही. अर्धी-पाऊण भरली की काढायची. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

मग स्लामेतान ठरलं. नवीन गाडी कामाला लावायच्या आधी आम्ही शेजारपाजाऱ्यांना भात जेवू घालतो, आशीर्वादाचे शब्द म्हटले जातात. आमच्या वाडीत त्या दिवशी घरातली कुठलीही वस्तू अर्धी ठेवत नाहीत. पाण्याचा रांजण, तांदळाचा डबा, तेलाची बाटली, सगळं काठोकाठ. बॅटरी का अपवाद? विगातीने त्या दिवशी भात चुलीवर लाकडावर रांधला, कुकर लावलाच नाही, पंपही बंद. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बॅटरी भरत राहिली. पडद्यावर शंभर आकडा आला तेव्हा तिने मला बोलावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ऐंशी किलो कोबी बांधून ती निघाली. आम्ही पाचसात बायका आणि पाक त्रिमान वाटेच्या तोंडाशी उभे होतो, ज्याच्या त्याच्या हातात चहा. पहिलं वळण ती गेली. दुसऱ्या वळणाच्या आधी गाडीचा वेग उतरायला हवा होता, तो वाढला. ती हातांनी ब्रेक दाबत होती, ते आम्हाला वरून दिसत होतं. तिसऱ्या वळणाला तिने गाडी सरळ लसणाच्या वाफ्यात चढवली. गाडी आडवी झाली, कोबीचे गड्डे उतरणीवरून घरंगळत गेले.

पाक त्रिमान धावले. किती महिन्यांनी त्यांना धावताना मी पाहिलं. आम्ही पोचलो तेव्हा विगाती मातीत बसली होती, कोपर सोलवटलेलं, गुडघ्याला मार. गाडी बाजूला पडलेली, बॅटरीचा डबा वाकलेला. धूर नव्हता.

"बापाक, ती अडलीच नाही," ती म्हणाली. "अडेल अडेल म्हणून वाट बघत राहिले."

त्यांनी मागचा ब्रेक तपासायला त्याच्या चकतीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. मी हात खेचला तेव्हा तळव्यावर पांढरा पट्टा उमटला होता. "भाजलं नाही का तुम्हाला?" मी विचारलं. त्यांनी तळवा पाहिला. "हो का," म्हणाले.

दोन दिवस सल्ले चालले. कुणी म्हणालं बॅटरी बदला. लुक्मानने फोनवर ती हलकी बॅटरी बदलून द्यायची तयारी दाखवली. पाक त्रिमान मीटर घेऊन गाडीशेजारी बसून राहिले. विगाती लंगडत गड्डे वेचून आणत होती आणि बहिणीचा फोन वाजला की उचलत नव्हती. महिना संपायला चार दिवस होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःहून बोलले. मी विगातीसाठी मलम घेऊन गेले होते, तीही तिथेच बसली होती.

"चूक बॅटरीची नाही, न्दुक. काठोकाठ भरली, म्हणून झालं." पोरी म्हणावं तसं ते विगातीला न्दुक म्हणत. "मोटार वीज तयार करते, ती जाणार कुठे? बॅटरी तर काठोकाठ. मग ती दार बंद करून घेते. दार बंद झालं की ओढही बंद. लुक्मान खाली राहतो. खालचे भरून निघतात ते चढायला. आपलं घर टोकाला. आपण भरून निघतो ते उतरायला."

"म्हणजे अर्धी ठेवायची?"

"जागा ठेवायची. चारातले तीन भाग. उरलेलं थोडंफार डोंगर भरेल."

तिने त्या वाकलेल्या डब्यावरची माती पुसली. "आधी तुम्ही चालवून बघणार असाल ना?"

"हो."

"नको. तुम्ही उतरलात तर मला काय कळणार?"

त्यांनी डबा सरळ करून बॅटरी बसवली, पंचाहत्तरला चार्जर काढून घेतला. पहाटे ती तितकाच माल बांधून निघाली. या वेळी चहा कुणी घेतला नाही. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणाआधी मोटारीचा बारीक घुंईऽऽ आवाज वर आला आणि गाडी हळू झाली. लसणाच्या वाफ्याजवळून ती जपून गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. आवाजही गेला.

पाऊण तासाने त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पोचली. अठ्ठ्याहत्तर दाखवतंय म्हणे."

मग ते तिथेच उभे राहिले. मी ताटात भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेम्पे आणून दिलं, त्यांनी उभ्यानेच खाल्लं, ताट धुऊन परत केलं आणि आत जाऊन कुणाचं तरी कार्ब्युरेटर उघडलं. दुपारी विगाती रिकामी पोती घेऊन आली. अंगणात बसून तिने बहिणीला फोन लावला, आणि तिच्या एका वाक्यावरून एवढं समजलं की ती जागा आता दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही.