सत्यभामेच्या हातातला वस्तरा

सत्यभामा एका जागी टेकलीय, असं मुरुममध्ये क्वचितच कुणी पाहिलं असेल. लग्न होऊन आली तेव्हाच सासू म्हणाली होती, "हिच्या पायाला भिंगरी हाय." चहासुद्धा ती उभ्याउभ्या प्यायची. नवरा बब्रुवान नेमका उलटा. सकाळी ओट्यावर बसला की ऊन सरकेल तसा सरकायचा आणि तिथूनच गड्यांना, गुरांना, बायकोला हाका मारायचा. एका गोष्टीसाठी मात्र तो न चुकता उठायचा. दिवसाआड माणिकप्पाच्या दुकानात जाऊन दाढी करून यायचा. गाल तुळतुळीत आणि वर पिळदार मिशी. त्या मिशीला सत्यभामानं आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात बब्रुवानच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात लोंबता, आणि शब्द उरले होते चार-दोन. 'हं', 'न्हाय', 'पाणी', 'तू'. बाकी सगळं डोळ्यांनी.

सगळ्यात जास्त छळलं ते दाढीनं. ती वाढली, घामानं खाजू लागली, आणि बब्रुवान दिवसभर डाव्या हातानं ती खरवडू लागला. खर्र, खर्र. स्वयंपाकघरात, गोठ्यात, मागच्या दारी, कुठंही गेलं तरी सत्यभामाच्या कानात तोच आवाज. भाकरी थापताना तिचा हात थांबायचा. ती बाहेर येऊन बघायची, परत आत जायची, परत बाहेर.

मुलगा प्रेम उमरग्याला पतसंस्थेत नोकरीला. त्यानं बाजारातून नवीन रेझर आणला. वाढलेल्या दाढीत तो अडकला, हनुवटीवरचा मस सोलला आणि बब्रुवाननं डाव्या हातानं त्याला असा झिडकारला की रेझर अंगणात जाऊन पडला. मग प्रेमनं बाजारपेठेतल्या सलूनमधल्या पोराला घरी आणलं. बब्रुवानचा जबडा मधूनच झटका खायचा. वस्तरा गालावर असताना तसा झटका बसला आणि पोराचा चेहराच उतरला.

"काकू, उद्या काय कमी-जास्त झालं तर माझ्या अंगावर यील," म्हणून अर्ध्या दाढीवर तो उठून गेला. पैसेही घेतले नाहीत.

त्या दुपारी सत्यभामा पदर खोचून तडक माणिकप्पाच्या घरी गेली. म्हाताऱ्याचं दुकान नुकतंच बंद झालं होतं. मोतीबिंदू पिकलेला, बोटं थरथरणारी. तो दारात सुपारी कातरत बसला होता, म्हणजे कातरायचा प्रयत्न करत होता.

"अप्पा, मला वस्तरा शिकवा."

माणिकप्पाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुणाला?"

"मला. त्येंची दाढी मीच करणार हाय."

आतून त्याची बायको लक्ष्मम्मा बाहेर आली. "अगं बाई, बाईच्या हातात वस्तरा? आन् तेबी नवऱ्याच्या गळ्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोक येत्यात का त्येंची खाज काढाया?" सत्यभामा म्हणाली. म्हणताना ती उंबऱ्यातल्या उंबऱ्यात तीनदा पाय बदलत होती.

माणिकप्पा तिच्या पायांकडं बघत राहिला. "वैनी, तुमच्या अंगात वारं भरलंय. वस्तऱ्याला असला माणूस चालत न्हाय." तरी तो उठला आणि फळीवरून कातड्याची पेटी काढली. आत त्याचा जुना, सबंध पोलादी वस्तरा होता. "ह्याला ब्लेड न्हाय. ह्याला निगा लागती."

पहिले काही दिवस त्यानं तिला फक्त धार लावायच्या चामडी पट्ट्यावर वस्तरा ओढायला लावलं. पाठ पुढं, धार मागं. शेवटाला उलटवायचा तो पाठीवरच. तिनं घाई केली आणि चामडं चिरलं. माणिकप्पानं नुसता 'च्' केला. मग फुगा फुगवून त्याला साबण फासून दिला. "ह्याच्यावरचा फेस काढा. फुगा ऱ्हायला पायजे." फुगे फुटत राहिले. फाटकन आवाज झाला की लक्ष्मम्मा आतून "शिवा शिवा!" म्हणायची. सत्यभामा घरी जाताना हवेतच मनगट वळवत चालायची; बाजारातल्या बाया वळून बघायच्या.

एकदा फुगा राहिला. सत्यभामा त्याच्याकडं बघतच बसली. माणिकप्पानं खांद्यावर टॉवेल टाकला, स्वतःचे गाल भिजवले आणि खुर्चीत मान मागं टाकून डोळे मिटले.

"आता हितं."

"अप्पा, नगं."

"फुग्याला हाडं नसत्यात. डाव्या हातानं कातडं ताणा. केसाच्या कलानं चाला. आन् रेटू नगा, वस्तरा त्याच्या वजनानं जातोय."

लक्ष्मम्माला बघवेना. ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच विचारत राहिली, "झालं का? झालं का?" हनुवटीखाली एक लहानसा काप आला. माणिकप्पानं चाचपून तुरटी लावली. "मला तर पयल्या दाढीला वस्तादानं थोबाडीत मारली हुती," एवढंच बोलला, आणि वस्तरा पुसून तिच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामानं बब्रुवानला ओट्यावर उशीला टेकवून बसवलं. गरम पाण्याचा टॉवेल लावला, फेस केला. वस्तरा उघडताच त्यानं मान भिंतीकडं वळवली. त्याच्या डोळ्यांत भीती होती. सत्यभामानं ती कधी पाहिली नव्हती. हा माणूस मीठ कमी पडलं म्हणून पाहुण्यांदेखत ताट भिरकावणारा. आणि आता त्याची मान तिच्या हाताखाली होती, शीर उडताना दिसत होती. असला विचार कुठून आला कुणास ठाऊक, पण आला. तिनं वस्तरा मिटला, उठली, म्हशीला पाणी पाजलं, घाण नसताना अंगण झाडलं, हात धुतले आणि परत आली.

"आवं, भ्या मलाबी वाटायलंय," ती म्हणाली. "जबड्याला झटका याच्या आदी गुडघा दाबा माझा."

त्यानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. झटका येणार असला की दाबायचा. ती वस्तरा उचलायची. असं थांबत, उचलत, पुसत दाढी झाली तेव्हा सकाळचं ऊन ओट्यावरून उतरलं होतं. बब्रुवाननं गालावरून बोटं फिरवली. "हं," म्हणाला. मग गळ्याकडं बोट केलं. तिथं राहिलं होतं.

हात बसत गेला. पण पायातली भिंगरी काही थांबली नव्हती. एका सकाळी शेतात सोयाबीन काढायला बाया आलेल्या, गडी हाका मारतोय, आणि सत्यभामाचं अर्धं लक्ष तिकडं. वस्तरा नाकाखालून सरकला आणि मिशीचं डावं टोक बोटभर गेलं.

बब्रुवानला कळलं. त्यानं आरसा ओढून घेतला, बघितलं आणि साबणाची वाटी तिच्या अंगावर फेकली. गरम पाणी लुगड्यावर, फेस कपाळावर. त्याच्या घशातून शब्द न झालेला आवाज निघाला.

चाळीस वर्षांत सत्यभामा उलट बोलली नव्हती. आज बोलली. "फेका! ताट फेकलं, तांब्या फेकला, आता हे फेका! बसा तसंच!" आणि अर्धा फेसाळलेला नवरा तिथंच सोडून ती शेताकडं चालती झाली.

शेतात तिनं विळा घेतला, टाकला. एका ओळीत बसली, उठली. बाया विचारू लागल्या, काय झालं? 'काय न्हाय' म्हणत बांधावरून येरझारा घालत राहिली. त्याच्या तोंडावर साबण वाळत असेल. माश्या बसत असतील. बसू देत. पाणी तरी कुणी दिलं असेल का? शेवटी ती इतक्या झपाट्यानं घरी आली की चप्पल बांधावरच राहिली.

बब्रुवान तसाच बसला होता. साबण वाळून गालावर पापुद्रे धरलेला. सुट्टीवर आलेला प्रेम शेजारी ओला टॉवेल घेऊन उभा. "आई, मला हातच लावू देईनात."

बब्रुवाननं तिच्याकडं बघितलं. "तू," म्हणाला. मग मिशीवर बोट ठेवलं आणि ते आडवं फिरवलं. सगळी.

"आवं, मिशी?" तिनं परत विचारलं. "वंगाळ म्हणतील."

"तू," तो परत म्हणाला.

तिनं नवीन पाणी तापवलं. मिशी भिजवली, कातडं ताणलं. काळे-पांढरे केस टॉवेलवर पडत गेले आणि खाली एक पांढरट, कधी ऊन न लागलेला ओठ निघाला. त्या ओठावर जुना व्रण होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिला तो माहीतच नव्हता. तिनं त्यावर बोट ठेवलं. बब्रुवाननं मान वळवली नाही की बोट झिडकारलं नाही.

आठवड्याच्या बाजारादिवशी ढोकीहून त्याची थोरली बहीण सिताबाई भेटायला आली. दारातच थबकली, तोंडाला पदर लावला. "कोण गेलं गं? मला का सांगावा धाडला न्हाय?"

"कुणी न्हाय गेलं, आक्का. माझ्याच हातनं वाकडी झाली, म्हणून काढली."

सिताबाई जवळ आली, भावाचं तोंड दोन्ही हातांत धरून न्याहाळत राहिली. मग एकाएकी हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. "अगं, हे तर आमच्या आईचं तोंड हाय! इतकी सालं मिशीखाली दडवून बसला हुता व्हय रं?"

बब्रुवान वाकड्या तोंडानं हसला. सत्यभामा चहा टाकायला आत गेली, साखर विसरली, परत आली, आणि नणंदेनं हात धरून खाली बसवलं तेव्हा बसली.