ठाण्यात नवरा, मोहल्ल्यात परका

वकिलाच्या चेंबरमध्ये फायली कपाटात जातात, किस्से मात्र टेबलावरच पडून राहतात. चहा आला की कोणीतरी एक उचलतं, त्यावरून दुसऱ्याला आणखी एक आठवतो, आणि अशील येऊन उभं राहीपर्यंत ढीग झालेला असतो. आमचं चेंबर रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात, उमाळे सरांच्या घराच्या खालच्या खोलीत. सर मूळचे अमरावतीकडचे, उभी वकिली इथे गेली. मी त्यांची ज्युनियर. परदेशात जाऊन इस्लामी कायदा शिकले आणि इथेच काहीतरी करायचं म्हणून परत आले. मैत्रिणी फोनवर म्हणतात, कोर्टातलं काही मजेशीर सांग ना. सांगते. पण माझ्याकडचे सगळे किस्से शमीमचे आहेत, आणि हल्ली सांगताना मला हसू येत नाही.

* * *

पहिल्या दिवसाचा किस्सा आधी, तो तेवढा माझा.

सरांकडे दुपारी चहाला रिटायर्ड मंडळी जमतात. रेल्वेतले, सेक्रेटरिएटमधले, सगळे आपले विदर्भातले. सरांनी माझी ओळख करून दिली, "ही आपल्या रेल्वेतल्या गार्डसाहेबांची पोट्टी. इस्लामी कायदा शिकून आली."

डबीर काका बशीतला चहा फुंकत होते, ते थांबले. "काहून वं? आपला कायदा संपला का?"

मी उत्साहाने सुरू झाले. हा एकच एक कायदा नाही, चार मोठ्या परंपरा आहेत, शेकडो वर्षं विद्वान एकमेकांशी वाद घालत आलेत, एका दमात दिलेल्या तीन तलाकवरही जुना वाद आहे. दहा मिनिटं बोलले असेन. सगळ्यांनी मन लावून ऐकलं.

मग डबीर काका सरांना म्हणाले, "पोट्टी हुशार आहे. लग्नाचं पाहून राहिले का हिच्या?"

घरी गेले तर आई शेजारणीला सांगत होती की मी कंपनी लॉ केलंय.

* * *

शमीम आली ती भावाला घेऊन. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायचं काम करते. समोरच्याकडे बघायची तिची एक रीत आहे, जरा मान तिरकी करून, जणू आता विचारेल, खालची ओळ वाचता येते का.

नवरा इरफान, गुढियारीत ट्रान्सपोर्टच्या गोदामावर. भांडण झालं, ही माहेरी आली, आणि त्याने फोनवर तीनदा तलाक म्हणून टाकलं. फोन स्पीकरवर होता. तिकडे त्याची अम्मी ऐकत होती, इकडे हिचा भाऊ.

हाच विषय मी शिकून आले होते. मी जवळजवळ आनंदाने सांगितलं, "शमीमजी, घबराइए मत. असा तलाक आता कायद्याने रद्द आहे. शून्य. वर तो गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो."

"मतलब तलाक हुआ ही नहीं?"

"नाही झाला."

"मतलब मैं अभी भी उसकी बीवी हूँ?"

"शंभर टक्के."

तिने मान तिरकी केली. "तो मॅडम, ये खुशखबरी किसके लिए है?"

तिला नवरा परत नको होता. तिला सुटायचं होतं, आणि चारचौघांनी मानावं असं सुटायचं होतं.

* * *

भावाने रागाच्या भरात पोलिसांत अर्ज दिला. इरफानला बोलावलं. गुढियारीतल्या प्रत्येक पानठेल्यावर तो सांगून चुकला होता की मी तिला सोडलं. ठाण्यात खुर्चीवर बसताच म्हणाला, "साहब, मैंने तो कुछ बोला ही नहीं. मेरी घरवाली है, आज आ जाए."

पोलीस खूश. भांडण मिटलं. इन्स्पेक्टरने शमीमला सांगितलं, "जाओ दीदी, ले जा रहा है."

दोघं बाहेर आली. स्कूटर सुरू करताना इरफान हळूच म्हणाला, "पीछे मत बैठना. अम्मी बोलती है तू अब मेरे लिए पराई है."

संध्याकाळी तिने हे चेंबरमध्ये सांगितलं. "थाने में मेरा शौहर है, मोहल्ले में नहीं. मैं रहूँ कहाँ, दोनों के बीच में चौक पर?"

 सर म्हणाले, "ठाण्यात हो म्हणून घरी गेल्यावर फिरणारे नवरे लय पाहिले. रस्त्यातच बदलणारा पहिल्यांदा पाहिला."

* * *

मी म्हटलं, इरफानच्या घरचे ज्यांना मानतात त्या मौलानांशी बोलते. ते राहतात अभनपूरला, शमीमला घेऊन गेले. स्वच्छ अंगण, साधा माणूस, माझ्याशी अतिशय अदबीने बोलले. मी माझी सगळी विद्या मांडली. एका बैठकीतले तीन तलाक एकच धरावेत असं म्हणणारे विद्वान कोण, त्यांची कारणं काय. त्यांना त्यातलं बहुतेक ठाऊक होतं.

"बेटी, हमारे यहाँ तीन को तीन मानते हैं. ऐसे देना गुनाह है, बहुत बुरा गुनाह. पर दे दिया तो हो गया."

मला उलट बरंच वाटलं. "मग तसं लिहून द्या. ती मोकळी आहे, एवढंच."

ते खाली बघू लागले. "लिख दूँ तो लड़का जेल जाएगा. उसकी माँ बेवा है. मुझसे नहीं होगा."

मी म्हटलं, मग दोघांच्या संमतीने वेगळं होऊ दे, त्याची तर सोय आहे. मौलानांनी इरफानच्या अम्मीला फोन लावला. पलीकडून आवाज मलाही ऐकू आला, "जो टूट चुका, उसको दोबारा क्या तोड़ना?"

परतताना शमीम बसच्या खिडकीशी होती. बाहेर धानाची शेतं, पाणी भरलेली. ती म्हणाली, "ऊपरवाले के यहाँ छूट गई हूँ, मॅडम. बस गवाह कोई नहीं."

* * *

या सगळ्याची कुणकुण एका चॅनलच्या पोराला लागली. त्याला स्टोरी हवी होती. कॅमेरा घेऊन दुकानातच आला. शमीम पांढऱ्या कोटात, ओढणी खांद्यावर.

"दीदी, बुरका नहीं है?"

"नहीं पहनती."

"आज पहन लीजिए ना. और थोड़ा सा रोते हुए."

तिने त्याला खुर्चीवर बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता दाखवला आणि म्हणाली, "भैया, पहले आपका नंबर देख लेते हैं. सामने की चीज नहीं दिख रही आपको."

तरीही स्टोरी दाखवलीच. दुसऱ्या एका बाईची, बुरख्यातली, पाठमोरी.

ती पाहून डबीर काका चहाला हळहळत आले. "तुझी ती अशील दिसली टीव्हीवर. बिचारी. त्यांच्यात असंच चालते."

ती शमीम नव्हतीच, हे मी सांगितलं. मग विचारलं, "काका, तुमच्या सुनीताताईची केस कुठवर आली?" सुनीताताई त्यांची भाची. तिचा नवरा ना नांदवतो ना सोडतो, आणि दुर्गच्या कोर्टात नुसत्या तारखा पडतात.

काकांनी कप खाली ठेवला. "तिचं वेगळं आहे."

कसं वेगळं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

* * *

शेवटी फॅमिली कोर्टात विवाहविच्छेदाचा दावा लावला. तुरुंगाच्या भीतीने इरफानने उत्तर दिलं की पत्नीवर माझं प्रेम आहे, तिने नांदायला यावं. समुपदेशक बाईंनी दोघांना एका बाकावर बसवलं आणि मला म्हणाल्या, "देखो, कितना शरीफ लड़का है."

तारखेनंतर व्हरांड्यात तो शमीमजवळ आला. गोदामातल्या धुळीने डोळे लाल झाले होते. तिने सवयीने पाहिलं आणि म्हणाली, "दिखा लो किसी को."

तो म्हणाला, "गुस्से में निकल गया था, शमीम. अब न निगलते बनता है, न उगलते."

"मेरा क्या, इरफान? मुझे तो तुमने मुँह में ही रखा हुआ है."

 पुढची तारीख पडली होती.

* * *

त्या तारखेच्या आधीच इरफान गेला. गोदामावर पोती मोजताना छातीत कळ आली आणि खाली बसला, तो उठलाच नाही.

सकाळी शमीमकडे सासरची एक बाई आली. अम्मीने बोलावलंय. नवऱ्याने निकाहात कबूल केलेला मेहर दिला नसेल, तर जनाजा उचलण्याआधी बायकोने तो माफ करायचा, अशी या घरांतून रीत आहे. शास्त्रात तशी सक्ती कुठे नाही, हे मला माहीत होतं. शमीमने ते विचारलंच नाही. "मॅडम, साथ चलोगी?" एवढंच म्हणाली.

गुढियारीच्या त्या गल्लीत पुरुष दोन्ही बाजूंना उभे होते. ओट्यावर मौलाना बसले होते. आत बायका. इरफानला पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं, चेहरा उघडा होता. अम्मी उशाशी. तिने शमीमचा हात धरला.

"माफ कर दे, बेटी. इसका सफर आसान हो जाए."

शमीम म्हणाली, "मैं कौन होके माफ करूँ, अम्मी?"

खोलीतलं रडणं थांबलं. बाहेरून कोणीतरी म्हणालं की उशीर होतोय. अम्मीने दाराकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. ओट्यावरून मौलानांचा काहीच आवाज नव्हता.

"बीवी होके," अम्मी म्हणाली.

"जरा जोर से, अम्मी. बाहर तक."

"बीवी है तू इसकी," अम्मी ओरडलीच. "बीवी है."

शमीम वाकली. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं. "माफ किया," म्हणाली.

जनाजा उठला. पुरुष गेले, गल्ली रिकामी झाली. मी ऑटो थांबवून ठेवला होता. शमीमला म्हटलं, चल, मी घरी सोडते.

ती दारातच होती. नवरा गेला की बायकोने इद्दतचे चार महिने दहा दिवस नवऱ्याच्या घरात काढायचे, तिला तिथून कोणी हलवायचं नाही, आणि ते संपले की ती सगळ्यांच्या लेखी मोकळी. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चांगले मार्क मिळाले होते. शमीमने चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि आत वळली.

"अम्मी," तिने विचारलं, "मेरा कमरा वही है ना?"