दोन हौदांची छावणी

त्या दुष्काळात आमच्या गावच्या सोसायटीने जनावरांची छावणी उघडली आणि तिची व्यवस्था माझ्याकडे दिली. कारण मी अंबाजोगाईहून नुकताच बी. ए. होऊन आलेलो, चेअरमनचा पुतण्या आणि रिकामा. शिवाय कॉलेजात समतेवरच्या भाषणाला मला ढाल मिळालेली.

पहिल्याच दिवशी मी छावणीचा नकाशा काढला. लिंबाच्या सावलीतल्या पुढच्या रांगा आमच्या भावकीच्या जनावरांना, त्यामागं बाकीचं गाव, आणि अगदी शेवटी, उन्हात, खालच्या वस्तीची जनावरं. पाण्याचे हौदही दोन, त्यांचा वेगळा. गंमत म्हणजे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालला. चेअरमनकाकांनी नकाशा बघून पाठ थोपटली. "शिक्षण वाया गेलं न्हाई."

आठवडाभर व्यवस्था उत्तम चालली. मग एका दुपारी टँकर आला आणि पाण्याचा आवाज ऐकून तहानलेल्या जनावरांनी दावी तोडली. बैल, म्हशी, वर-खालच्या सगळ्या गाई आमच्याच हौदात तोंड घालून उभ्या. एकालाही आपली पायरी ठाऊक नव्हती. शेवटी जनावरंच ती.

तिथंच संचालकांची बैठक बसली. हौद बाटला, आता काय? पाणी ओतून द्यावं, तर दुष्काळ. एका ज्येष्ठ संचालकाने तोडगा काढला, "गोमूत्र शिंपडा अन् मोकळे व्हा."

खालच्या वस्तीतली एक विधवा आपली गाय शोधत तिथं आली होती. ती शांतपणे म्हणाली, "कोणच्या गाईचं शिंपडणार, मालक? माझी बी गायच हाय."

मग तिने विचारलं, "ह्या रांगा कुणी पाडल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. समतेची ढाल मिळवलेला मी खाली बघत म्हणालो, "सोयीसाठी केलंय."

"कुणाच्या?" एवढंच विचारून ती गाय घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाय पहिल्या रांगेत, लिंबाखाली बांधलेली. काका माझ्यावर खेकसले, "हालव तिला."

मी गेलो, दाव्याला हात घातला. बाई शेजारीच उभी होती. माझा हात काही दाव्याची गाठ सोडेना. मी वळून ओरडलो, "काका, गाय गाभण हाय, उन्हात नको!"

गाय गाभण नव्हती, नुसती भाकड होती. छावणीत सगळ्यांना माहीत होतं. काका पुटपुटत निघून गेले आणि मी मोठी क्रांती केल्यासारखा बाईकडं बघून हसलो.

ती हसली नाही. "गाभण कशाला म्हणलाव? तिची जागा हाय, असं म्हणायचं व्हतं."

छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. गाय सावलीत राहिली, आणि दुसरा हौदही जागचा हलला नाही. पुढच्या निवडणुकीत मी संचालक झालो.