रबरावर उभा हॉल

मानसिंगराव जाधवांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात सुतारकी केली, पण कुणाच्या चहालाही मिंधे झाले नाहीत. असा माणूस बासष्टाव्या वर्षी शेण खाऊन बसला, आणि तेही चार गोड शब्दांपायी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

झालं असं. शहरातल्या गोत्री भागात केयूरभाई नावाच्या बिल्डरनं गरब्याच्या क्लाससाठी दुमजली हॉल उभा केला, अख्खा लाकडाचा. देखरेख मानसिंगरावांची. वर त्यांची लेक मोहना साठ पोरींना गरबा शिकवणार, खाली योगिनीबेनची दहावीची ट्यूशन. सांगाडा तयार झाला तेव्हा मानसिंगरावांनी वरच्या मजल्याला साखळी लावून ओढून पाहिलं. दोन मिलिमीटर हलला. स्वारी खूश.

मग एका सकाळी दहा पोरी नमुन्यादाखल नाचल्या आणि योगिनीबेननं खालून नाक मुरडलं. या धडधडीत मी शिकवायचं कसं, म्हणाली. म्हणून वरच्या भिंती उचलून त्यांच्याखाली रबराच्या पट्ट्या सरकवल्या. तरी भिंतींच्या बोल्टांतून आवाज खाली उतरतच होता, तर केयूरभाईनं अर्धे बोल्ट काढायला लावले. काढले कुणी? मानसिंगरावांनीच. आवाज गेला. काका म्हणजे जादूगार, असं जो तो म्हणू लागला. जादू कसली डोंबलाची! लाकडावर लाकूड घट्ट बसून भिंत मजला धरत होती, ती आता मऊ रबरावर बसली होती आणि तिला आवळणारे बोल्टही निम्मेच उरले होते.

त्याच दुपारी सेवउसळ खाताखाता केयूरभाईनं कागद पुढे केला. हॉल मजबूत आहे, ओढून तपासला आहे, असं त्यावर लिहिलेलं. आकडा दोनच, म्हणजे रबराआधीचा. मानसिंगरावांना ते कळत होतं. परत मोजतो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात केयूरभाई म्हणाला, काका, तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि या शहाण्यानं विरघळून सही ठोकली. शी!

पुढचे चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी एकट्यानं जाऊन तीच साखळी लावली, ओढही तेवढीच दिली. तेरा मिलिमीटर. साठ पोरी एका ठेक्यात एकाच अंगाला झुकल्या तर काय होईल? बोल्ट परत लावू, भिंतींना तिरपे आधार देऊ, तोवर क्लास थांबवू, असं त्यांनी केयूरभाईला विनवलं. पण नवरात्र तोंडावर आलेलं आणि योगिनीबेन खूश. त्याला यातलं काहीच नको होतं.

"काका, परत मोजायला सांगितलं कुणी होतं?" एवढंच तो म्हणाला, आणि हॉलची किल्ली मागून घेतली.

मानसिंगराव तडक नागरवाड्यात घरी आले. दुसऱ्याच दिवशी क्लास सुरू व्हायचा होता. चार वर्षं दुसऱ्यांच्या गच्च्यांवर शिकवत आलेली मोहना पोरींच्या नावांची वही उघडून बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. फक्त सही घाईत झाली, असं म्हणून पाहिलं. इतकं होऊनही स्वतःची कातडी वाचवायची खोड काही जाईना!

"सही केलीत तेव्हा माहीत होतं तुम्हाला?" मोहनानं विचारलं.

"होतं."

तिला बापाची किळस आली आणि तिनं ती लपवली नाही. वही पुढे ओढून ती एकेकीच्या आईला फोन लावू लागली. क्लास सुरू होणार नाही, हॉल कच्चा आहे, आणि तो पक्का असल्याचं खोटं माझ्या वडिलांनी लिहून दिलंय, असं ती स्वच्छ गुजरातीत सांगत गेली. शेजारी बसून मानसिंगरावांनी तीन फोन ऐकले. चौथा नंबर लावून तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

"अजून सत्तावन्न आहेत, बाबा. आता तुम्ही बोला."

पलीकडून बाईनं विचारलं, "कोण बोले छे?"

मानसिंगरावांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.