खालच्या पायरीवरची बस

नवरात्रात मांडायच्या गोलूच्या बाहुल्यांची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी तीस वर्षांपूर्वीचा दसरा आठवला.

दिवसभर खेळणी उचलून मी दमलो होतो आणि पाहुणे दारात होते. गोलूसाठी रचलेल्या पायऱ्यांवर देवांच्या बाहुल्या रेशमात मिरवत होत्या. गोलू संपला की आम्ही एक बाहुली आडवी निजवतो. चार वर्षांच्या लेकीनं खालच्या पायरीवर आपली चाक मोडलेली बस निजवली होती.

"उचल हा पसारा."

"पसारा नव्हे, अप्पा. ती निजलीय, उठवू नका."

मी बस कचऱ्यात टाकली. पाहुण्यांनी मांडणी वाखाणली.

आता लेक परदेशी असते आणि तंजावरचं हे घर बारा महिने नीटनेटकं असतं. यंदा खालची पायरी मी रिकामी सोडली आहे. विचारणाऱ्यांना सांगतो, बाहुल्या कमी पडल्या.