मिस्त्रींनी दिलेले आठ दिवस

“दिवा विझवायचा? त्यानं काय पाप केलंय, बाई?”

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी घेऊन कुणीही आलं, की मिस्त्री हेच विचारायचे. मग फडक्याला हात पुसून, चपला काढून गाडीत बसायचे. हो, चपला काढून. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं, आणि गिऱ्हाइकाची गाडी म्हणजे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाचं घर.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आपल्याला घाई असते, त्यांना नसते, म्हणून आपण वैतागतो. मी तर पुष्कळ वैतागले. नारायण पेठेत राहते, जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा धंदाच.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. पण माझ्याच गाडीखाली तो एका डब्यात बसून विषारी धूर निवळवत असतो, हे मला मिस्त्रींनी सांगितलं. “डब्याच्या अलीकडं एक सेन्सर, पलीकडं एक. कंप्युटर दोघांचं ऐकतो. अलीकडचा सारखा वरखाली होणार, पलीकडचा शांत पायजे. पलीकडचाबी नाचाय लागला, की डबा गेला समजायचं. मग दिवा लागतो.”

“दहापैकी नऊ,” मी म्हणाले.

“एक कुठं गेला, बाई?”

“हस्ताक्षराचा. बिल वाचता येत नाही तुमचं.”

मिस्त्री हसले. पण काम झालं म्हणून गाडी लगेच हातात मिळायची नाही. दोन-तीन दिवस ते सकाळी थंड इंजिन सुरू करून स्वतः कात्रजचा घाट चढून-उतरून यायचे. कंप्युटरनं एकेक भाग पुन्हा तपासून ‘तपासणी पूर्ण’ म्हटलं, की मगच किल्ली. “मी म्हणून काय उपयोग? त्याला म्हणू द्या,” म्हणायचे.

गेल्या वर्षी मी गाडी विकायला काढली. गुडघे क्लच दाबायला नाही म्हणू लागले होते. घेणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं गाडी धड पाहिलीसुद्धा नाही. “बाईंची गाडी, त्यात बघायचं काय?” आणि विक्री ठरल्यावर नेमका दिवा लागला. मिस्त्री म्हणाले, डबा गेलाय, नवा मागवायला हवा, थांबा. मला धीर नव्हता. मी दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं यंत्र जोडलं, बटण दाबलं, दिवा गायब! संध्याकाळी मी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि तिनं दिलेला पेढा खाल्ला.

बटण दाबल्यानं दोषाची नोंद पुसली जाते, दोष नाही. कंप्युटर पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागतो. थोड्याच दिवसांत दिवा परत लागला, आणि ती गेली कुणाकडे? मिस्त्रींकडे. ‘त्यांच्याकडेच जा, सरळ माणूस आहे,’ असं मीच तिला बजावलं होतं. कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या दारात. चहाला नको म्हणाले.

“दोष आधीपासून होता का, विचारत होती.”

“मग? काय सांगितलंत?”

“पार्ट यायला आठ दिवस हायेत, तवर थांबा म्हणालो.” माझ्याकडे न बघता बोलत होते. “पुढं मला खोटं जमणार नाय. पण हे तिला माझ्या तोंडून कळायला नको, बाई. तुम्ही तिला शिकवलंय.”

मी मान डोलावली. पहिल्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी वाटलं, ती कामात असेल. असल्या सबबी सांगणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे.

सहाव्या दिवशी सकाळी शेजारच्या रिक्षावाल्यानं सांगितलं, मिस्त्री गेले. गॅरेज उघडतानाच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचलेच नाहीत.

मी तशीच तिथे गेले. शटर अर्धंच वर होतं. आत तिची गाडी उभी होती. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लाज वाटते तरी सांगते. आता तिला सांगणारं कुणी उरलं नाही. सुटले मी.

मग माझी मलाच इतकी शिसारी आली, की तिथेच पायरीवर बसून मी फोन लावला. काही लपवलं नाही. दिवा, ते दुकान, पेढा, सगळं सांगितलं. मिस्त्री गेले, एवढंच सांगायचं राहिलं.

ती म्हणाली,

“मला अंदाज आला होता, बाई. मिस्त्री म्हणाले, आठ दिवस द्या, तुमच्या बाई आपणहून फोन करतील. मी रोज वाट बघत होते.” तिचा आवाज ओला झाला होता. “आता आधी त्यांना कळवा हं. त्यांना फार बरं वाटेल.”