कोळंबीवर आळ

मॅडमनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, एकदा नाकाशी नेली आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "घरी कोळंबी सोलतेस ना?"

झालं. माझ्या आजाराचं निदान तेवढ्यात उरकलं. या गोष्टीला पंचवीसहून जास्त वर्षं झाली असतील, पण ते बोटं हुंगणं आठवलं की माझ्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. डोंबिवलीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर मॅडमचं पार्लर होतं आणि मागच्या खोलीत त्यांचा क्लास. आयब्रो, फेशियल, केस मी दुसऱ्या एका बाईंकडे शिकले होते. इथे आले ती नवरीच्या मेकअपसाठी. त्यातच नकली नखांचा भाग होता. तेव्हा ते अगदी नवीन होतं. बाटलीतल्या पाण्यासारख्या पातळ द्रवात ब्रश बुडवायचा, पावडरीला टेकवायचा, की टोकावर एक मऊ गोळी चढते. ती नखावर पसरून, घट्ट झाली की घासून आकार द्यायचा. वास असा, की खोलीत शिरताच डोळ्यांतून पाणी यावं. बाटलीवर ना नाव ना गाव.

आम्ही राहायचो कळव्याला, खाडीच्या बाजूला. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची, तिची आईही तेच करायची. माझ्या डोक्यावर मात्र पाटी येऊ द्यायची नाही, हे तिनं मी शाळेत असतानाच ठरवलं होतं. "तू सावलीत बसून काम करशील, पंख्याखाली," असं म्हणायची. पंख्याखाली बसूनच माझे हात सडले.

क्लासची पद्धत अशी, की आम्ही मुलींनी एकमेकींवरच हात बसवायचा. आज मी तिची नखं करायची, उद्या तिनं माझी. म्हणजे काम केलं तरी ते रसायन बोटांना आणि करून घेतलं तरी बोटांनाच. हातमोजे घालायची सोय नव्हती. मॅडमचा नियमच होता, "मोजे घालून गिऱ्हाइकाला हात लावला तर तिला वाटतं, आपण तिला घाणेरडी समजतो." गिऱ्हाइकाच्या मनाची एवढी काळजी! आम्हा मुलींच्या कातडीची मात्र कुणाला पडली नव्हती.

आधी खाज सुटली. मग नखांच्या कडेनं साबुदाण्याएवढे फोड आले, ते फुटले, कातडी सोलून निघाली. मीठ लागलं की जीव जायचा. एकदा सकाळी उठले तर पापण्या सुजून डोळे मिटायला आलेले. तेव्हा मी मॅडमना हात दाखवले आणि त्यांनी तो कोळंबीचा शोध लावला. वर समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, तुमच्या लोकांच्या हातांना असं होतंच. काही दिवस मासळी बंद कर. आणि जरा नीट धुऊन येत जा, गिऱ्हाइकं चांगल्या घरची असतात."

आमचं घर काय वाईट होतं? पण त्या वेळी मी त्यांचंच खरं मानलं. मॅडम शिकलेल्या, त्यांच्या भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. शिवाय स्टेशनजवळच्या डॉक्टरांनीही तेच केलं. हात पाहायच्या आधी विचारलं, राहता कुठं, आई काय करते. मासळी म्हटल्यावर त्यांना पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. नखांच्या बाटलीचं मी सांगत होते, तोवर मलम लिहूनही झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

घरी मी हे सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घराचा नूरच पालटला. आईनं माळ्यावरचं सुकट, सुके बोंबील शेजारी देऊन टाकले. मासळीची भांडी चिंचेनं घासून पोत्यात बांधली. आणि एकवीरेला नवस बोलली, पोरीचे हात बरे होईस्तोवर मी म्हावरं तोंडात घालणार नाही. आमच्यात हा साधा नवस नाही. कोळ्याच्या घरात जन्मलेली बाई दिवसभर पापलेट-सुरमई विकून वरण-भात खायची. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, चव कशी आहे हल्ली हलव्याला?" आणि ती म्हणायची, "एकदम गोड." बाबा कुरकुरले, तर त्यांनाही तिनं गप्प केलं.

पण खरा घाव हा नव्हता. आईनं मला हात लावायचं सोडलं.

रविवारी ती माझ्या केसांना तेल लावायची. ते काम शेजारच्या काकूकडे गेलं. ताट माझ्या हातात न देता समोर ठेवून द्यायची. माझे टॉवेल, चादर वेगळ्या दोरीवर. ताप आला म्हणून मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायला गेले, तर चटका बसल्यासारखी सरकली. "नको गो, माजे हाताला म्हावऱ्याचा वास हाय. तुला आणखी होल." बाजारातून आली की मोरीत बसून लिंबाच्या फोडीनं कोपरापर्यंत हात घासत राहायची. मी मोरीच्या दाराशी उभी राहून ते बघत असे. तेव्हा मला रडू यायचं, आता संताप येतो.

गणपतीत क्लास बंद राहिला आणि माझे हात बघता बघता बरे झाले. नवी गुलाबी कातडी आली. आईचा आनंद गगनात मावेना. देवी पावली! देवीच्या दर्शनाला कार्ल्याला जायची बोलणी सुरू झाली. मलाही ते पटलं होतं, कारण घरात मासळी नव्हतीच ना. क्लासही बंद होता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

क्लास सुरू झाला, पुन्हा बाटली उघडली आणि दुसऱ्याच दिवशी माझे डोळे सुजले. घरात रणकंदन माजलं. आईची खात्री, की बाबांनी बाहेर कुठेतरी चोरून मासळी खाल्ली आणि त्याच हातानं घरात वावरले. बाबा देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथा घेत होते. त्या बाटलीपायी माझे आईबाप एकमेकांशी बोलेनासे झाले.

आमच्या क्लासात फडके रोडच्या बाजूची एक मुलगी होती. घर असं, की अंडंही उंबऱ्याच्या आत येत नसे. आमची जोडी ठरलेली, ती माझी नखं करायची, मी तिची. एक दिवस तिच्या बोटांवर पट्ट्या दिसल्या. मॅडमनी पट्टी काढायला लावली. खाली तेच फोड, तीच सोललेली कातडी. मॅडम हळहळल्या. "अगं बाई, तुझी स्किन फार नाजूक आहे. या केमिकलनं होतं असं कुणाकुणाला. थांब." आणि ड्रॉवरमधून हातमोजे काढून तिला दिले.

ड्रॉवरमध्ये मोजे होते. केमिकलनं होतं हे ठाऊक होतं.

मी उभी राहिले. समोर एक नवरी तिच्या आईबरोबर ट्रायलला बसली होती, तिचीही पर्वा केली नाही. "मॅडम, हिच्या घरी कुठली कोळंबी?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आवाज खाली. हा काय मच्छीबाजार आहे?"

"नाही. मच्छीबाजारात सडलेला माल ताजा म्हणून कुणी गळ्यात मारला, तर बायका टोपली उलटी करतात," मी म्हटलं. त्या मुलीनं मान खाली घातली होती. तिचा काय दोष? पुढे कळलं, मोजे घालूनही तिची बोटं फुटतच राहिली, पातळ मोज्यातून ते आत जातं. मी पिशवी उचलली आणि निघाले. नवरीच्या मेकअपचं सर्टिफिकेट माझं राहिलं ते राहिलंच. आज माझं स्वतःचं पार्लर आहे, कळव्यातच. तिथे मी नखं लावत नाही आणि का लावत नाही ते विचारणाऱ्याला सांगते.

त्या दिवशी मी डोंबिवलीहून तडक ठाण्याच्या बाजारात गेले. आईच्या पाटीपुढे बसले आणि तिची कोळंबी तिच्याच समोर सोलायला लागले. फाटलेल्या बोटांना ते खारट पाणी असं झोंबलं, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आई ओरडत होती, "सोड गो, सोड! बाई शिकलेली हाय, ती खोटं कशाला बोलंल?" मी सोललेली कोळंबी घरी नेली, रांधली आणि खाल्ली. पुढेही रोज सोलत राहिले. क्लासला काही गेले नाही. हात बरे झाले आणि पुन्हा कधी फुटले नाहीत.

आईनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. नवस फेडला, पुन्हा मासळी खायला लागली. तिला पटलं, असं ती म्हणाली.

आता ती थकली आहे. बाजार सोडून तिला कितीतरी वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी तापानं आडवी झाले, तर काठी टेकत माझ्याजवळ आली. माझ्या कपाळाला हात लावायच्या आधी तिनं तो स्वतःच्या नाकाशी नेला.